हरित पानांतील ॲमिनो अम्लांचे संश्लेषण : संशोधनाचा इतिहास

हिरव्या पानातील कोशिका सूर्यप्रकाशात कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून शर्करा आणि स्टार्च तयार करतात, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्याच कोशिका त्याच प्रकाशात आणि बऱ्याच अंशी त्याच हरितकणूंत (हरितद्रव्ययुक्त सूक्ष्म कणांत) नायट्रेटापासून ॲमिनो अम्लेही तयार करतात, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. ॲमिनो अम्ले हे प्रथिनांचे घटक असून प्रथिनांत सर्वसाधारणपणे २० ॲमिनो अम्ले आढळतात. हरित वनस्पती ही वीसही अम्ले स्वतः तयार करू शकतात. मनुष्याला त्यांपैकी नऊ मुळीच तयार करता येत नाहीत व ती त्याला अन्नातून घ्यावी लागतात. धान्य, कडधान्य, दूध, मांस यांपैकी कोणत्याही मार्गाने ती मिळोत, त्यांचा मूळ उगम बहुतांशी वनस्पतींच्या कोशिकांतच असतो. असे असूनही पानांत ॲमिनो अम्ले नेमकी कशी तयार होतात, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९७४ पूर्वी मिळाले नव्हते. त्याआधीची सुमारे ३५ वर्षे पाठ्यपुस्तकांतून जे उत्तर दिले जात होते ते पानांच्या बाबतीत चुकीचे होते. ही चूक कशी झाली व ती कशी दुरुस्त झाली, हा वनस्पतींच्या जीवरसायनशास्त्राच्या इतिहासातील एक उद्बोधक भाग आहे.

प्रारंभीचे संशोधन : वनस्पतीतून मिळालेले पहिले ॲमिनो अम्ल म्हणजे ॲस्परजीन होय. लूई निकॉला व्होक्लँ व प्येअर झां रॉबीके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८०६ मध्ये शतावरीच्या कुलातील ॲस्परॅगस या भाजीच्या कोंबांच्या रसातून ते स्फटिकरूपात वेगळे केले. प्रथिनांशी त्याचा संबंध असेल, अशी त्या वेळी कोणालाही कल्पना नव्हती. ग्लुटामिक अम्ल हे या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे अम्ल होय. ते कार्ल हाइन्रिख रिटहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६६ मध्ये गव्हातील ग्लुटेन या प्रथिनापासून मिळविले व ग्लुटेनावरूनच त्याला हे नाव पडले. ग्लुटामीन हे त्याचे अमाइड एर्न्स्ट शुल्ट्से व त्यांचे सहकारी बोसहार्ट यांना १८८३ मध्ये बीटच्या रसात आढळले.

वनस्पतीला नायट्रोजन कोठून मिळतो, हा वाद याच काळात चालू होता. यूस्टुस फोन लीबिक यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृषिरसायनशास्त्रावरील ग्रंथात पावसाच्या पाण्यातून येणाऱ्या अमोनियावर भर दिला होता. झां बातीस्त बूसँगो यांनी फ्रान्समध्ये आणि लॉझ, गिल्बर्ट व प्यू यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे केलेल्या काटेकोर प्रयोगांनी बहुतेक पिके हवेतील मुक्त नायट्रोजन वापरू शकत नाहीत, असे दाखवून दिले. शिंबावंत वनस्पतींचा अपवाद हेलरीगेल व व्हिल्फार्ट यांनी १८८६–८८ मध्ये उलगडला. त्यांच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. मातीत अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर सूक्ष्मजंतूंमुळे होते, हे श्लोझँ व म्यून्ट्स यांनी १८७७ मध्ये दाखविले होते. त्यामुळे सामान्य शेतजमिनीत बहुतेक वनस्पतींचे नायट्रोजनयुक्त अन्न म्हणजे मुख्यतः नायट्रेट होय, हे निश्चित झाले. हे नायट्रेट वनस्पतीच्या शरीरात कोठे व कसे ॲमिनो अम्लात रूपांतरित होते, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

यूलिउस फोन झाक्स यांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत प्रकाशात ठेवलेल्या पानांच्या हरितकणूंत स्टार्च साठतो, असे आयोडिनाच्या साहाय्याने दाखविले. हा प्रयोग इतका सोपा व परिणामकारक आहे की, आजही तो शाळांतून करून दाखविला जातो. तथापि त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, प्रकाशसंश्लेषण म्हणजे कार्बोहायड्रेटांची निर्मिती, हे समीकरण दृढ झाले. ॲमिनो अम्ले व प्रथिने ही त्यानंतरची, प्रकाशाशी संबंध नसलेली कामे होत, असे मानले जाऊ लागले.

या समजुतीला धक्का देणारा पुरावा लवकरच मिळाला होता, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. आंड्रेआस शिंपर यांनी १८८८ च्या सुमारास डायफिनिल अमाइन हे विक्रियाकारक वापरून पानांतील नायट्रेटाची परीक्षा केली. नायट्रेट असल्यास या विक्रियाकारकाने निळा रंग येतो. प्रकाशात ठेवलेल्या हिरव्या पानांतील नायट्रेट हळूहळू नाहीसे होते, तर अंधारात ठेवलेल्या पानांत व पानाच्या हरितद्रव्यरहित भागांत ते तसेच राहते, असे त्यांना आढळले. यावरून नायट्रेटाचा उपयोग प्रकाशाशी व हरितकणूंशी निगडित असावा, असा निष्कर्ष निघत होता. पुढे १९२० मध्ये ओटो व्हारबुर्ख व एर्व्हिन नेगेलाइन यांनी क्लोरेला या एककोशिक हिरव्या शैवलावर प्रयोग केले. नायट्रेट पुरविल्यास प्रकाशात शैवलातून नेहमीपेक्षा अधिक ऑक्सिजन बाहेर पडतो, असे त्यांनी दाखविले. प्रकाशाने मिळालेली क्षपणशक्ती नायट्रेटाकडेही वळते, हाच याचा अर्थ होय.

अंधारातील रोपे व त्यांवरून बांधलेले सिद्धांत : संशोधन या दिशेने पुढे गेले नाही, याचे एक कारण प्रयोगासाठी निवडलेल्या सामग्रीत आहे. विश्लेषणाला भरपूर ॲमिनो अम्ले हवी असत व ती सर्वांत सहज मिळत ती अंधारात रुजविलेल्या बियांच्या पिवळट रोपांतून. व्हिल्हेल्म फेफर यांनी १८७२ मध्ये ल्युपिन या शिंबावंत वनस्पतीच्या रोपांत ॲस्परजीन मोठ्या प्रमाणात साठते व प्रकाशात कार्बोहायड्रेट मिळू लागताच ते कमी होते, असे वर्णन केले. शुल्ट्से यांनी झुरिक येथे अनेक वर्षे याच प्रकारच्या रोपांवर काम करून पुष्कळ ॲमिनो अम्ले वेगळी केली. त्यांनी व श्टायगर यांनी १८८६ मध्ये ल्युपिनच्या रोपांतून मिळविलेले आर्जिनीन हे त्यांपैकी एक होय. झुरिक येथे शुल्ट्से यांच्याजवळ काम केलेले रशियन शास्त्रज्ञ डमित्री प्र्यानिश्निकॉव्ह यांनी असे मत मांडले की, प्रथिनांच्या विघटनाने निर्माण होणारा घातक अमोनिया वनस्पती ॲस्परजिनाच्या रूपात निरुपद्रवी करून साठविते. प्राण्यांत जे कार्य यूरिया करते तेच कार्य वनस्पतींत ॲस्परजीन करते. रोपांच्या बाबतीत हे विवेचन महत्त्वाचे होते व ते पुष्कळसे टिकूनही राहिले आहे. परंतु अंधारातले रोप साठविलेले प्रथिन मोडून जगत असते, तर प्रकाशातले पान नवे प्रथिन घडवीत असते. एका ठिकाणी जमविलेले ज्ञान दुसऱ्या ठिकाणी लावताना हा भेद पुरेसा लक्षात घेतला गेला नाही.

दुसरी मोठी प्रगती प्राणी व यीस्ट यांवरील संशोधनातून झाली. फ्रांट्‌स क्नोप व एस्टरलिन यांनी १९२५ मध्ये कीटो अम्ल, अमोनिया व हायड्रोजन यांपासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने ॲमिनो अम्ल तयार करून निसर्गातही असेच घडत असावे, असे सुचविले. १९३७ मध्ये ए. ई. ब्राउनश्टाइन व मारिया क्रिट्झमान यांनी मॉस्को येथे कबुतराच्या स्नायूंत ॲमिनो गटाचे स्थानांतरण शोधून काढले. ग्लुटामिक अम्लाचा ॲमिनो गट दुसऱ्या कीटो अम्लाला मिळून नवे ॲमिनो अम्ल तयार होते, असे त्यातून दिसले. म्हणजे एकदा ग्लुटामिक अम्ल तयार झाले की, इतर अम्ले त्यापासून होऊ शकतात. खरा प्रश्न ग्लुटामिक अम्ल प्रथम कसे तयार होते एवढाच उरला. त्याचे उत्तर लगेच पुढच्या वर्षी मिळाल्यासारखे वाटले. हान्स फोन ऑयलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये स्टॉकहोम येथे ग्लुटामिक डीहायड्रोजनेज या एंझाइमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे एंझाइम अमोनिया व आल्फा-कीटोग्लुटारिक अम्ल यांपासून थेट ग्लुटामिक अम्ल तयार करू शकते. उलट दिशेने त्याचे विघटनही करू शकते.

वनस्पतींतील या एंझाइमावरील पहिल्या कामांपैकी एक भारतात झाले. मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्रीय प्रयोगशाळेत एम. दामोदरन व के. आर. नायर यांनी रुजणाऱ्या बियांतून हे एंझाइम मिळविले व त्याविषयीचा निबंध १९३८ मध्ये लंडनच्या बायोकेमिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दामोदरन यांनी त्यापूर्वी इंग्लंडमध्ये ए. सी. चिबनल यांच्याबरोबर काम करून वनस्पतिज प्रथिनांत ग्लुटामीन हे घटक म्हणूनच असते, हे १९३२ मध्ये एंझाइमी विघटनाच्या द्वारे दाखवून दिले होते. पुढे ते पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या जीवरसायनशास्त्र विभागात होते. येथेही सामग्री रुजणारे बीज हीच होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मद्रासच्या संशोधकांचे निरीक्षण अचूकच होते; ते प्रकाशातल्या पानालाही लागू आहे, हा पुढच्या ग्रंथकारांनी काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा ठरला.

समस्थानिक व वर्णलेखन : पानात प्रत्यक्ष काय घडते हे पाहण्यासाठी अणूंचा माग काढणे आवश्यक होते. अमेरिकेत ह्यूबर्ट व्हिकरी व जॉर्ज पूखर यांनी रूडॉल्फ शेनहाइमर व डेव्हिड रिटनबर्ग यांच्या सहकार्याने १९४० मध्ये तंबाखूच्या झाडांना नायट्रोजन (१५) हे जड समस्थानिक असलेले अमोनियम लवण दिले. तो नायट्रोजन केवळ नव्या वाढीत न जाता आधीच तयार झालेल्या प्रथिनांतही शिरलेला आढळला. पानातील प्रथिने एकदा तयार झाली की तशीच राहत नाहीत, तर सतत मोडत व घडत असतात, ही कल्पना यामुळे बळावली.

त्याच वर्षी सॅम्युएल रूबेन व मार्टिन केमेन यांनी बर्कली येथे कार्बन (१४) हे दीर्घायुषी किरणोत्सर्गी समस्थानिक शोधून काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्रू बेन्सन व जेम्स बॅशॅम यांनी तेथेच त्याचा उपयोग करून प्रकाशसंश्लेषणातील कार्बनाचा मार्ग उलगडला. चपट्या काचपात्रात क्लोरेला शैवल प्रकाशात ठेवून त्याला किरणोत्सर्गी कार्बन डाय-ऑक्साइड द्यावयाचा, काही सेकंदांनी ते गरम अल्कोहॉलात सोडून सर्व विक्रिया थांबवावयाच्या आणि मिळालेल्या अर्कातील संयुगे कागदावर वर्णलेखनाने अलग करून क्ष-किरण फिल्मवर त्यांचे डाग उमटवावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. कागदावरील वर्णलेखन कॉन्सडेन, गॉर्डन व मार्टिन यांनी १९४४ मध्ये मुळात ॲमिनो अम्लांसाठीच विकसित केले होते. ॲमिनो अम्लांचे डाग जांभळे करून दाखविणारे निनहायड्रिन झीगफ्रीट रूहेमान यांनी १९१० मध्येच शोधले होते.

कॅल्व्हिन यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले व त्यांच्या नावाचे चक्र सर्व पाठ्यपुस्तकांत गेले. मात्र त्या फिल्मवर शर्करांच्या फॉस्फेटांबरोबरच ॲलानीन, सेरीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक अम्ल यांचे डागही फार लवकर उमटत असत. बॅशॅम यांनी स्मिथ व कर्क यांच्यासमवेत १९६१ मध्ये या गोष्टीचा संख्यात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. काही ॲमिनो अम्लांतील कार्बन थोड्याच मिनिटांत जवळजवळ पूर्णपणे किरणोत्सर्गी होतो. म्हणजे ती साखरेच्या साठ्यापासून मागाहून तयार होत नाहीत, तर कार्बनाच्या चक्रातील पहिल्या संयुगांपासून प्रत्यक्ष प्रकाशसंश्लेषण चालू असतानाच तयार होतात, असे त्यांनी दाखविले. प्रकाशसंश्लेषणाचे उत्पादन म्हणजे केवळ कार्बोहायड्रेट, या झाक्स यांच्या काळापासूनच्या समीकरणाला मिळालेला हा सर्वांत ठोस छेद होय. उसासारख्या उष्ण प्रदेशीय गवतांत तर याहून वेगळा प्रकार दिसला. हवाई येथे कोर्टशॅक, हार्ट व बर यांनी १९६५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसाच्या पानांत कार्बन प्रथम मॅलिक व ॲस्पार्टिक या अम्लांत आढळतो, असे प्रसिद्ध केले. मका व ज्वारी यांतही याच प्रकारचा मार्ग असतो. त्यातील ॲस्पार्टिक अम्ल हे मुख्यतः कार्बनाची ने-आण करणारे वाहक असून प्रथिनांसाठी तयार होणारे उत्पादन म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

नायट्रेटाचे क्षपण : कार्बनाची बाजू अशी स्पष्ट होत असता नायट्रोजनाची बाजूही उलगडू लागली. हॅरल्ड एव्हान्स व ॲल्व्हिन नेसन यांनी १९५३ मध्ये सोयाबीनच्या पानांतून नायट्रेट रिडक्टेज हे एंझाइम मिळविले. त्यात मॉलिब्डेनम असते. टोमॅटोला मॉलिब्डेनम अत्यल्प प्रमाणात का होईना पण आवश्यक असते, असे आर्नन व स्टाउट यांनी १९३९ मध्ये दाखविले होते. त्याचे एक कारण यामुळे समजले. हे एंझाइम हरितकणूबाहेर, कोशिकाद्रव्यात असून ते नायट्रेटाचे नायट्राइट करते. नायट्राइट विषारी असल्याने ते साठू न देता लगेच हरितकणूत नेले जाते. तेथे त्याचा अमोनिया करण्यासाठी सहा इलेक्ट्रॉन लागतात व ते फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाकडून मिळतात. प्रकाशाच्या योगाने हरितकणूत फेरेडॉक्सिनाचे क्षपण होते, हे तागावा व आर्नन यांनी १९६२ मध्ये पालकाच्या हरितकणूंवर दाखविले होते. नायट्राइट रिडक्टेज त्यावरच अवलंबून असते, हे जॉय व हेगमन यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. अशा रीतीने शिंपर यांच्या निळ्या रंगाच्या निरीक्षणाचे रासायनिक स्पष्टीकरण सुमारे ८० वर्षांनी मिळाले.

ग्लुटामीन मार्गाचा शोध : अमोनिया हरितकणूतच निर्माण होतो, हे ठरल्यावर ग्लुटामिक डीहायड्रोजनेजाविषयीची जुनी शंका पुन्हा पुढे आली. या एंझाइमाला अमोनियाचे आकर्षण फारच कमी आहे. त्याने आपल्या कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठावा यासाठी विद्रावात दर लिटरमागे दहा किंवा त्याहून पुष्कळ अधिक मिलिमोल अमोनिया असावा लागतो. एवढा अमोनिया हरितकणूत साठल्यास प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच बिघडेल. शिवाय वनस्पतींतील हे एंझाइम बहुतांशी कलकणूंत (श्वसनाशी संबंधित कणांत) असते. परीक्षानळीत भरपूर अमोनिया घालून मोजले असता ते जोमाने काम करी, म्हणून ते पानातही तसेच करीत असेल असे गृहीत धरले गेले होते. याउलट ग्लुटामीन सिंथेटेज हे एंझाइम एका मिलिमोलाच्या काही शतांश भाग एवढ्या अमोनियावरही कार्यक्षम असते. डब्ल्यू. एच. एलियट यांनी ते १९५३ मध्ये हिरव्या वाटाण्यातून वेगळे केले होते. ते ऊर्जेसाठी एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट) खर्च करून ग्लुटामिक अम्लावर अमोनिया बसविते व ग्लुटामीन तयार करते. परंतु यात एक अडचण होती : ग्लुटामीन तयार करण्यासाठी मुळात ग्लुटामिक अम्ल लागते, मग ते कोठून यावयाचे? हे कोडे न सुटल्याने ग्लुटामिनाकडे अमोनियाचे कोठार एवढ्याच दृष्टीने पाहिले जाई.

कोडे सुटले ते सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासातून. इंग्लंडमधील पोर्टन येथे टेम्पेस्ट, मीर्स व ब्राउन हे एरोबॅक्टर एरोजिनीस या सूक्ष्मजंतूची वाढ अमोनियाचा पुरवठा जाणीवपूर्वक तुटपुंजा ठेवून करीत होते. अशा स्थितीत त्या सूक्ष्मजंतूतील ग्लुटामिक डीहायड्रोजनेज जवळजवळ नाहीसे होते, तरी त्याची वाढ होतच राहते, असे त्यांना आढळले. १९७० मध्ये त्यांनी याचे कारण असलेले नवे एंझाइम जाहीर केले. हे एंझाइम ग्लुटामिनाचा अमाइड नायट्रोजन आल्फा-कीटोग्लुटारिक अम्लाला देते व त्यातून ग्लुटामिक अम्लाचे दोन रेणू तयार होतात. त्यांपैकी एक रेणू पुन्हा अमोनिया पकडण्यासाठी परत जातो व दुसरा निव्वळ लाभ म्हणून शिल्लक राहतो. या एंझाइमाला ग्लुटामेट सिंथेज म्हणतात. त्याच्या लांबलचक रासायनिक नावाच्या आद्याक्षरांवरून गोगॅट हे लघुनाम रूढ झाले आहे.

वनस्पतींत असे एंझाइम शोधण्याचे आरंभीचे प्रयत्न फसण्याचे कारण साधे होते. सूक्ष्मजंतूंच्या एंझाइमाला लागणारे क्षपणकारक पानांच्या अर्काला देऊन पाहिले जाई, पण पानातील एंझाइमाला ते चालत नाही. त्याला क्षपणित फेरेडॉक्सिन लागते. पीटर ली व बेन मिफ्लिन यांनी रॉथॅमस्टेड येथे वाटाण्याच्या पानांतील हरितकणू वेगळे करून ही गोष्ट ओळखली. प्रकाश दिला असता ते हरितकणू ग्लुटामीन व आल्फा-कीटोग्लुटारिक अम्ल यांपासून ग्लुटामिक अम्ल तयार करीत. त्यांचा निबंध १९७४ मध्ये नेचर या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गाजराच्या संवर्धित कोशिकांत व वाटाण्याच्या मुळांतही ग्लुटामेट सिंथेज आढळल्याचे इतर संशोधकांनी कळविले. नायट्रोजनासंबंधीचे आधुनिक कृषिसंशोधन लॉझ व गिल्बर्ट यांनी ज्या केंद्रात सुरू केले तेथेच हा प्रश्न सुटला, हा योगायोगच म्हणावा लागेल.

या मार्गाचा हिशेब असा मांडता येतो. नायट्रेटाच्या एका रेणूपासून ग्लुटामिक अम्लाचा एक रेणू निव्वळ मिळण्यास नायट्राइट होताना दोन, अमोनिया होताना सहा व शेवटच्या विक्रियेत दोन असे एकूण दहा इलेक्ट्रॉन आणि एटीपीचा एक रेणू लागतो. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या एका रेणूचे शर्करेच्या पातळीपर्यंत क्षपण होण्यास चार इलेक्ट्रॉन पुरतात. यावरून ॲमिनो अम्ले तयार करणे हे पानाच्या दृष्टीने किती खर्चाचे काम आहे, हे दिसते. व ते प्रकाशाच्या सान्निध्यात, क्षपणशक्ती हाताशी असते तेथे का चालते, हेही कळते.

पुढील पडताळा : एवढ्याने वाद मिटला नाही. जुन्या एंझाइमाचे समर्थक काही काळ होतेच. निर्णय करण्यासाठी प्रथम निरोधक द्रव्ये वापरण्यात आली. मिथिओनीन सल्फॉक्सिमीन हे ग्लुटामीन सिंथेटेज बंद पाडते, तर ॲझासेरीन ग्लुटामेट सिंथेज बंद पाडते. यांपैकी पहिले द्रव्य दिल्यास पानात अमोनिया साठतो व ॲमिनो अम्लांत नायट्रोजन जाणे थांबते. वास्तविक ग्लुटामिक डीहायड्रोजनेजावर त्याचा परिणाम होत नाही. तेच एंझाइम मुख्य असते, तर असे घडावयास नको होते.

अधिक अनपेक्षित पुरावा प्रकाशश्वसनाच्या अभ्यासातून आला. रुबिस्को हे कार्बन डाय-ऑक्साइड पकडणारे एंझाइम पानात फार विपुल असते. विद्राव्य प्रथिनांत त्याचा वाटा निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. तेच एंझाइम कार्बन डाय-ऑक्साइडाऐवजी ऑक्सिजनही पकडते, हे बोझ, ऑग्रेन व हेगमन यांनी १९७१ मध्ये दाखविले. या विक्रियेतून निर्माण होणाऱ्या संयुगापासून ग्लायसीन होते व कलकणूंत ग्लायसिनाच्या दोन रेणूंपासून सेरिनाचा एक रेणू होताना कार्बन डाय-ऑक्साइडाबरोबर अमोनियाही मुक्त होतो. कीज, मिफ्लिन, ली व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये याचे महत्त्व पुढे मांडले. अशा रीतीने सुटणारा अमोनिया नायट्रेटापासून नव्याने मिळणाऱ्या अमोनियाच्या अनेक पट असतो. तो पुन्हा पकडला गेला नाही, तर पानातील नायट्रोजनाचा साठा थोड्याच वेळात रिता होईल. म्हणजे ॲमिनो अम्लांचे संश्लेषण थांबल्यास केवळ वाढच खुंटते असे नाही, तर भर उन्हात प्रकाशसंश्लेषणही कोलमडते.

ख्रिस सॉमरव्हिल व विल्यम ऑग्रेन यांनी इलिनॉय येथे याची कसोटी घेतली. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील लहान वनस्पतीची उत्परिवर्तित रोपे त्यांनी सुमारे एक टक्का कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या हवेत वाढविली. अशा हवेत प्रकाशश्वसन दबलेले राहते. नंतर ती सामान्य हवेत ठेवून जी रोगट पिवळी पडली ती त्यांनी निवडली. त्यांपैकी काहींच्या पानांत ग्लुटामेट सिंथेजाचा अभाव असल्याचे १९८० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. ग्लुटामिक डीहायड्रोजनेज असूनही ही रोपे सामान्य हवेत तगत नव्हती. १९८७ मध्ये हरितकणूतील ग्लुटामीन सिंथेटेज नसलेल्या बार्लीच्या रोपांतही हाच प्रकार आढळला. कोशिकाद्रव्यातील त्याच नावाचे दुसरे एंझाइम ही उणीव भरून काढू शकले नाही. यानंतर ग्लुटामिक डीहायड्रोजनेज हे पानातील अमोनियाचे मुख्य प्रवेशद्वार आहे, हे मत टिकले नाही. ते मुख्यतः कार्बनाची टंचाई असताना ॲमिनो अम्लांचे विघटन करण्याचे काम करते, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते. मद्रास येथे ते ज्या रुजणाऱ्या बियांतून मिळाले होते त्यांना हे वर्णन चांगले लागू पडते.

सर्वच नायट्रेट पानात येत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पुष्कळ वनस्पतींत, विशेषतः नायट्रेट थोडे असताना, त्याचा बराच भाग मुळांतच वापरला जातो व पानांकडे अमाइडांच्या रूपाने चढतो. मुळांवर गाठी असलेल्या वनस्पतींपैकी वाटाणा अमाइडे पाठवितो, तर तूर, चवळी व सोयाबीन यांच्या रसात अलँटॉइनासारखी यूरिया-वर्गीय संयुगे अधिक असतात. पानात त्यांपासून अमोनिया मोकळा होऊन तो वरील मार्गानेच पुन्हा पकडला जातो.

इतर ॲमिनो अम्ले : ग्लुटामिक अम्लापासून ॲमिनो गट घेऊन इतर अम्ले तयार होतात, पण त्यांचे कार्बनी सांगाडे निरनिराळ्या मार्गांनी मिळतात. लायसीन, थ्रिओनीन व मिथिओनीन ही ॲस्पार्टिक अम्लापासून तयार होतात. ट्रिप्टोफेन, फिनिल ॲलानीन व टायरोसीन या वलयी अम्लांचा मार्ग शिकिमिक अम्लातून जातो. हे अम्ल एइकमान यांनी १८८५ मध्ये जपानी शिकिमी वृक्षाच्या फळांतून मिळविले होते. त्याचे महत्त्व मात्र बर्नार्ड डेव्हिस यांनी १९५० नंतर सूक्ष्मजंतूंच्या उत्परिवर्तित प्रकारांवर केलेल्या संशोधनामुळेच कळले. व्हॅलीन, ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांचा मार्ग निराळा आहे. हे सर्व मार्ग पानात मुख्यत्वे हरितकणूतच चालतात. एक गोष्ट मात्र हरितकणूला बाहेरून घ्यावी लागते व ती म्हणजे आल्फा-कीटोग्लुटारिक अम्ल. ते कलकणूंत व कोशिकाद्रव्यात तयार होऊन आत येते. त्यामुळे पानातील ॲमिनो अम्ले ही हरितकणू व कलकणू यांची संयुक्त निर्मिती होय, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

या मार्गांच्या ज्ञानाचा व्यवहारात सर्वांत मोठा उपयोग तणनाशकांच्या बाबतीत झाला. अर्थात त्यांपैकी काही तणनाशके आधी सापडली व त्यांचे कार्य मागाहून समजले. ग्लायफोसेट हे शिकिमिक मार्गातील कोणत्या एंझाइमावर आघात करते, हे श्टाइनर्युकेन व आम्र्‌हाइन यांनी १९८० मध्ये ओळखले. सल्फॉनिल यूरिया वर्गातील तणनाशके व्हॅलीन व ल्यूसीन यांच्या मार्गातील पहिले एंझाइम बंद पाडतात, हे १९८४ मध्ये कळले. ग्लुफोसिनेट हे ग्लुटामीन सिंथेटेजावर कार्य करते. ते दिलेल्या पानात उन्हात अमोनिया साठतो व प्रकाशसंश्लेषण थांबते. पहिल्या दोन प्रकारांचे लक्ष्य असलेली एंझाइमे मनुष्याच्या शरीरात नाहीत, कारण ती अम्ले तो स्वतः तयारच करीत नाही. ग्लुटामीन सिंथेटेज मात्र मनुष्यातही असते. एखादे रसायन मनुष्याला सर्वस्वी निरुपद्रवी आहे, असे केवळ एवढ्यावरून ठरत नाही.

पानातील प्रथिनांचा मनुष्याच्या आहारात थेट उपयोग करण्याची कल्पना रॉथॅमस्टेड येथील एन. डब्ल्यू. पिरी यांनी चिकाटीने मांडली. पाला चिरडून रस काढावयाचा, तो तापवून प्रथिने साकळावयाची व चोथा जनावरांना घालावयाचा, अशी ती पद्धत होती. औरंगाबाद येथील त्या वेळच्या मराठवाडा विद्यापीठात लसूणघास व इतर पिकांच्या पाल्यापासून किती प्रथिन मिळते, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे काम केले. भाकरीतील लायसिनाची उणीव अशा प्रथिनाने भरून निघू शकते. परंतु त्याचा हिरवट रंग व चव यांमुळे त्याला आहारात स्थान मिळू शकले नाही. ती उणीव पूर्वीपासून वरणाने भरून निघत आलेली आहे.

ॲमिनो अम्लांच्या मार्गांतील काही दुवे बराच काळ केवळ तर्कानेच जोडलेले होते. हरितकणूत फिनिल ॲलानीन हे सूक्ष्मजंतूंतील परिचित मार्गाने तयार न होता आरोजेनिक अम्लामार्गे तयार होते, हे १९८६ मध्ये पालकाच्या हरितकणूंवरील प्रयोगांनी दिसले व त्यासाठी लागणाऱ्या एंझाइमांची जनुके त्यानंतर सुमारे दोन दशकांनी ओळखली गेली. लायसिनाच्या मार्गाचा पूर्वार्ध व शेवटची पायरी माहीत असूनही मधला दुवा सापडत नव्हता. सूक्ष्मजंतूंत त्या ठिकाणी तीन-चार विक्रिया असतात. वनस्पतीत त्या सर्वांचे काम एकच एंझाइम करते, असे हडसन, सिंग, लूस्टेक व गिलव्हार्ग यांनी २००६ मध्ये ॲराबिडॉप्सिसवरील संशोधनात दाखविले.